तळमामांचा फिरता नंबर

तळमामा जातील तिथे लोकांना जागा नेमून द्यायचे. लग्नाच्या मांडवात शिरले की वरबापाला न विचारता पंगती बसवायचे. एकदा दवाखान्यात स्वतः सलाईनवर असताना त्यांनी झोपल्या झोपल्या दोन पेशंटांच्या खाटांची अदलाबदल करायला लावली, कारण घोरणाऱ्या माणसाला खिडकी कशाला हवी. नर्सबाईंनी निमूट ऐकलं. आवाजच तसा होता.

हा आवाज कमावला होता साखर कारखान्याच्या गाडीतळावर. हंगाम लागला की पाथर्डीकडून ऊसतोडवाल्यांच्या बैलगाड्या श्रीरामपूर भागात यायच्या, आणि कुणी आपली पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, कुठे घालायची ते मामा काठीने मातीत रेघ ओढून सांगायचे. गेल्या साली लिंबाखाली होतो, यंदाही तिथेच द्या, असं कुणी म्हणालं की उत्तर ठरलेलं, "जागा कुनाची न्हाई, जागा तळाची." कुणी भावाच्या लग्नाला म्हणून गावी गेला, की त्याच्या रिकाम्या जागेवर दुसरं बिऱ्हाड. परत आल्यावर मिळेल तिथे राहा. यापायी त्यांनी भरपूर शिव्या खाल्ल्या आणि पचवल्या. त्यांचं खरं नाव काय, हे आम्हाला फक्त मतदानाच्या दिवशी आठवायचं.

मी त्यांचा शेजारी, हायस्कुलात शिक्षक. मामी गेल्यावर मामा एकटेच राहिले. अंगात साखर, आणि गोळी घ्यायचा कंटाळा. मुलगी रूथ मस्कतला नर्स. तिने व्हिडिओ कॉल करावा तर मामा मोबाईल थेट कानाला लावायचे, त्यामुळे तिला बापाचा कान तेवढा दिसायचा. शेवटी जावई सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी टेबलावर कॉम्प्युटर मांडला, वर कॅमेरा बसवला आणि घराच्या इंटरनेटला जो नंबर होता तो लिहून नेला. मस्कतला तो नंबर टाकला की मामा दिसायचे. मग नियम ठरला. जेवण झालं की कॅमेऱ्यासमोर बसायचं, गोळी जिभेवर ठेवून जीभ बाहेर काढायची, आणि रूथचा मिस्ड कॉल आला की गिळायची.

आपल्या घराला जगात नंबर लागला याचा मामांना भारी अभिमान. टिंबांनी तोडलेला तो लांबलचक आकडा त्यांनी ऑईलपेंटने दारावर रंगवून घेतला. रविवारी चर्चमध्ये फादरनाही पाठ करून दाखवला. रस्त्याने जाणारा एक शेतकरी तो जनावरांच्या डॉक्टरचा मोबाईल समजून बराच वेळ लावत बसला होता.

मग एका दुपारी वीज गेली, तासाभराने आली. थोड्या वेळाने रूथचा मला फोन. "सर, बाबा दिसत नाहीत. फोनही घेत नाहीत. जरा बघता का?" तिचा आवाज थरथरत होता. मी चपला न घालता धावलो. मामा खुर्चीत ताठ बसलेले, जीभ बाहेर, तिच्यावर अर्धी विरघळलेली गोळी. मोबाईल टेबलावर वाजत होता, पण वाजून थांबेना म्हणजे तो मिस्ड कॉल नव्हे, आणि जीभ बाहेर असताना बोलणार कसं? मी कॉम्प्युटरवर पाहिलं तर घराचा नंबर बदललेला. नवा रूथला वाचून दाखवला तेव्हा कुठे मामा तिला दिसले आणि जीभ आत गेली.

नंबर चोरीला गेला, असं मामांचं ठाम मत पडलं. संशय समोरच्या किराणा दुकानदारावर, कारण वीज आल्यावर तो हसत होता म्हणे. इंटरनेटवाल्याचा माणूस आला, त्याने समजावलं. घरं फार, नंबर थोडे. वीज गेली, तुमचा हा राउटरचा डबा बंद पडला, की तो नंबर कंपनीकडे परत जातो. डबा सुरू झाला की जो मोकळा असेल तो मिळतो. कायमचा नंबर ऑफिसांना देतात, घरगुती जोडणीला देत नाहीत.

"म्हंजे मी घरात बसलेला असताना माझी जागा दुसऱ्याला?" मामा कडाडले.

मला राहवलं नाही. म्हणालो, मामा, हा तर तुमचा गाडीतळच झाला. तेव्हा तो आवाज प्रथमच खाली आला. मामा म्हणाले, "व्हय. पन मी मानूस बघून जागा द्यायचो, मास्तर. पोटुशी बाई आसली तर पान्याच्या टाकीजवळ. ह्यांनी बघितलं का, कुनाच्या लेकीला काय बघायचंय?"

त्या माणसाने बॅग उचलली आणि पावती माझ्या हातात दिली.

त्या दिवसापासून मामांनी इंटरनेटच्या डब्याला ट्रॅक्टरची बॅटरी जोडून घेतली. डब्याजवळ झाडू मारायला बंदी आली. पाहुण्यांना बसायला मिळायचं ते थेट अंगणात, न जाणो एखाद्याचा पाय वायरीत अडकायचा. तरीही नंबर अधूनमधून बदलायचाच, आणि मामा दार खरवडून नवा रंगवायचे. पेंटर म्हणायचा, खडूने लिहू या. मामा म्हणायचे, खडूनं लिहिलेला पत्ता कोन मानतो?

गेल्या दिवाळीआधी रूथ आली आणि बापाला मस्कतला घेऊन गेली. निघताना मामांनी मला बजावलं, डबा चालू ठेव, कॅमेरा हलवू नको. आता ते तिथून आपलं रिकामं घर बघतात. खिडकी उघडी राहिली, पाल निघाली, सगळं मला फोनवर कळतं. मी वैतागतो, पण जातो.

मागच्या आठवड्यात दिवसभर वीज नव्हती आणि बॅटरीही उतरली. संध्याकाळी फोन आला. "मास्तर, घर दिसंना." आवाज रूथच्या त्या दुपारच्या आवाजासारखाच थरथरता. तोवर वीज आली होती. मी कुलूप काढून आत गेलो, डबा आणि कॉम्प्युटर सुरू केला, नवा नंबर सावकाश वाचला. एकेक आकडा ते माझ्यामागून म्हणत होते. मग म्हणाले, "हां, आलं."

मी विचारलं, मामा, आणखी काही करायचं का?

"न्हाई. तू फकस्त कडंला सरक," ते म्हणाले. "घर बघू दे."