ओतण्याआधी

नवरा गेल्यावर त्याचं सामान आणायला त्याच्या प्रयोगशाळेत गेले. बंद पोलादी भांड्यात पाणी उकळीच्याही पुढे तापवून तो धातूच्या ऑक्साइडचे पापुद्रे करायचा, डोळ्यांना न दिसण्याइतके पातळ. टेबलावरची त्याची शेवटची बाटली मी पाणी समजून ओतायला निघाले.

"थांबा वहिनी," त्याचा सहकारी म्हणाला. "आम्ही उजेड पाडून बघितल्याशिवाय काही ओतत नाही."

त्यानं नवऱ्याचाच लेझर बाटलीवर धरला. पाण्यात आरपार लाल रेघ उमटली.

"पापुद्रे आहेत, म्हणून दिसते. नुसत्या पाण्यात रेघ उमटत नाही."

माझ्याकडे बघून लोक म्हणतात, सावरलीस हो. वरून सगळं नितळच असतं.

सामानात तो लेझरही आला. घरी नवऱ्याच्या उशाशी त्याचा अर्धा प्यालेला पेला तसाच होता. मी उजेड पाडला. रेघ नाही, नुसतं पाणी.

तरीही ओतवलं नाही.