पहिला शेजारी

अमेरिकेत शॉमबर्गला आमच्या शेजारी एक डच आजोबा राहतात. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलं तरी त्यांच्याकडून हॉलंडमधलं त्यांचं छोटंसं गाव ऐकूनच परतावं लागतं. चर्चचा किंचित कललेला मनोरा, कालव्याकाठची पवनचक्की, युद्धात जर्मनांनी उतरवून नेलेली घंटा. फार सावकाश बोलतात. माझी लेक म्हणते, "आई, ही इज सो स्लो!"

गेल्या हिवाळ्यात तिकडे वाईला माझे बाबा वारले. व्हिसाचं काम अडकलेलं, त्यामुळे मला जाता येईना. सकाळी नवऱ्याने आजोबांना सांगितलं. दुपारी ते वाटाण्याच्या सूपचं मोठं पातेलं घेऊन दारात उभे.

"यात मांस नाही," ते म्हणाले. "आमच्या गावात कुणी गेलं की पहिल्या शेजाऱ्याला, म्हणजे अगदी लागून राहणाऱ्याला, कळवतात. मग त्या घरातल्यांनी चूल पेटवायची नाही. सगळं शेजारी बघतो."

"आमच्याकडेही असंच असतं," मी म्हटलं.

त्यांनी आमच्या दारातला बर्फ काढला, घरून खुर्च्या आणल्या. भेटायला येणाऱ्यांचे कोट घेत ते संध्याकाळपर्यंत दाराशी उभे होते. सगळे गेल्यावर माझ्यासमोर येऊन बसले.

"आता तुझ्या वडिलांचं गाव सांग," म्हणाले.

मी कृष्णेच्या घाटापासून सुरुवात केली. देऊळ सांगितलं, बाजार सांगितला. बाबांनी मला पोहायला शिकवलं त्या पायरीपाशी आले आणि पुढे बोलवेना. आजोबांनी घाई केली नाही. हात गुडघ्यांवर ठेवून ते शांतपणे माझी वाट बघत राहिले.