घुग्घुसची एटीव्ही, सिरोंच्याची रेती

माझ्या भावाला रेतीच्या टेकड्यांवर एटीव्ही चालवायची होती. एटीव्ही म्हणजे चार जाडजूड चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली ती उघडी गाडी. आणि माझ्या भावाला डावा पाय गुडघ्याखाली नाही. हे दोन्ही एकदम कानावर पडल्यावर घरात जे व्हायचं तेच झालं. आईने ताट सरकवलं, वहिनी बोलेनाशी झाली, आणि दोघींनी मिळून मला फोन केला की तू ये आणि त्याला समजव.

मी भद्रावतीत राहते, शाळेत शिकवते. प्रकाशभाऊ माझ्याहून मोठा, घुग्घुसला कोळसा खाणीत कामाला. दोन पावसाळ्यांपूर्वी पाळी संपवून घरी येताना त्याची मोटारसायकल चिखलात घसरली आणि मागून येणाऱ्या ट्रकचं चाक पायावरून गेलं. पुढे कृत्रिम पाय बसला, बसून करायचं काम मिळालं. लोक म्हणायचे, नशीब चांगलं. पण सुट्टी मिळाली की गाडीला किक मारून चिमूरपर्यंत उगाच जाऊन येणारा हा माणूस आता रस्त्याकडे पाठ करून बसायचा, हे लोकांना दिसत नव्हतं.

मी त्याला समजवायला घुग्घुसला गेले. तो घरी नव्हता, सलीमभाईच्या गॅरेजमध्ये होता. सलीमभाई त्याचा शाळेपासूनचा मित्र, मोटारसायकली आणि ट्रॅक्टर दुरुस्त करतो. ताडोब्याच्या वाटेवरचं एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथली जुनी एटीव्ही त्याने उचलून आणली होती. धंद्यासाठी आणली म्हणाला. पण गिअर ऑटोमॅटिक, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही, अशीच गाडी त्याने नेमकी का निवडली हे न कळायला मी काही लहान नव्हते. भाऊ जमिनीवर बसून एअर फिल्टर धूत होता. हात कोपरापर्यंत काळे. मी आल्याचं त्याला कळलंही नाही. मी थोडा वेळ पाहत उभी राहिले, मग स्टूल ओढून बसले. समजवायचं राहूनच गेलं.

ज्यांना असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी गाडीची तयारी आधी सांगते. रेतीत सगळ्यात आधी गाडीचा श्वास कोंडतो. म्हणून फिल्टर स्वच्छ धुऊन, वाळवून, त्याला फिल्टरचं तेल लावायचं आणि वरून कापडी जाळीचा टोप चढवायचा. रेडिएटरमधला चिखल काढायचा, नाहीतर चढावर इंजिन तापतं. चाकांतली हवा कमी करायची, म्हणजे चाक पसरतं आणि रेतीत रुतत नाही. पण एटीव्हीच्या चाकात मुळातच हवा इतकी कमी असते की गॅरेजमधल्या नेहमीच्या मीटरचा काटा हलतसुद्धा नाही. कमी दाबाचा वेगळा मीटर सलीमभाईने नागपूरहून मागवला. मागे उंच लवचीक काठीला भगभगीत नारिंगी कापड बांधलं, कारण टेकडीपलीकडची गाडी दिसत नाही, झेंडा दिसतो. सोबत फावडं, ओढायचा पट्टा, दोन फळ्या आणि भरपूर पाणी.

"ताई, मी बी पहिल्यांदाच करून राह्यलो," सलीमभाई म्हणाला. "व्हिडिओ पाहून पाहून डोळे गेले माझे."

माणसाची तयारी जास्त अवघड. एटीव्हीवर नुसतं बसून चालत नाही. चढताना पुढे झुकायचं, उतरताना मागे रेलायचं, आणि दोन्ही वेळा जोर पायांवर. भाऊ रोज सकाळी खुर्चीतून हात न टेकता उठायचा, बसायचा. वहिनी आधी दुसऱ्या खोलीत निघून जायची. नंतर दारात उभी राहून मोजायला लागली. हेल्मेट, धुळीचा चष्मा, हातमोजे, घोट्यावरचे बूट हे सगळं आलं. वाद झाला तो कृत्रिम पायावरून. भावाचं म्हणणं, पाय फुटरेस्टला पट्ट्याने बांधून टाकू, म्हणजे सरकणार नाही. मी नको म्हटलं. गाडी उलटली तर पाय सुटायला हवा. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. शेवटी सलीमभाईने जुन्या टायरचं रबर कापून फुटरेस्टला टाचेपुरती कड बसवली. पाय त्यात ठरायचा आणि उचलला की मोकळा व्हायचा.

टेकड्या म्हटल्यावर सगळ्यांना राजस्थान आठवतं. पण पहिल्याच वेळी इतक्या लांब जायचं धाडस आमच्यात नव्हतं. माझ्याच शाळेत शिकवणाऱ्या पद्माचं माहेर सिरोंच्याजवळ नदीकाठी आहे. काही वर्षांपूर्वीच्या पुराने त्यांच्या शेतात रेतीच रेती आणून टाकली. अर्धं शेत मोकळं करताना ती रेती मशीनने दुसऱ्या अर्ध्यात ढकलली, आणि मग उन्हाळ्यामागून उन्हाळे वारा तिला घडवत गेला. पद्माने फोटो दाखवले. वाळवंट नव्हतं, पण दोन पुरुष उंचीच्या, पाठीवर वाऱ्याच्या लाटा उमटलेल्या टेकड्या होत्या. आमच्यासाठी भरपूर.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही तिघं सलीमभाईच्या पिकअपमधून निघालो. एटीव्हीला रस्त्यावर चालवायची परवानगी नसते, ती अशी लादूनच न्यावी लागते. चारही बाजूंनी पट्टे आवळायचे आणि पहिल्या चहाला थांबल्यावर पुन्हा तपासायचे, कारण ते सैल होतातच. चंद्रपुरात तर्री-पोहे खाल्ले. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता. आलापल्लीनंतर दोन्ही बाजूंना जंगल दाटतं. पळस पेटलेला होता, मोहाखाली बाया फुलं वेचत होत्या. टाकी आलापल्लीतच भरून घ्या. पुढे रस्ता कुठे सिमेंटचा, गुळगुळीत, तर कुठे अजून कामातला, आणि वेळेचा अंदाज चुकतोच. खर्चाचं विचाराल तर सगळ्यात मोठा खर्च पिकअपच्या डिझेलचा, बाकी चहा-नाश्ता.

रेपनपल्ली सोडल्यावर दुकानांवरच्या पाट्या तेलुगूत दिसायला लागल्या. भाऊ खिडकीशी बसला होता. ट्रक समोरून आला की त्याचा हात दाराच्या कडीवर जायचा. सलीमभाई दर वेळी गाडी थोडी कडेला घेऊन हळू करायचा.

पद्माची आई समक्का अंगणात मिरच्या वाळवत होती. साठीची, काटक बाई. तिने आमच्यापेक्षा गाडीकडे जास्त वेळ पाहिलं आणि हसत म्हणाली, "इसुका पाहिजे तितकी आहे आपल्याकडे." इसुका म्हणजे रेती. अट एकच घातली. नदीकडच्या अंगाला जायचं नाही, तिथे उघड्या रेतीवर पिट्टा, म्हणजे पक्षी, अंडी घालतात. वाचकांनाही हेच सांगते. नदीचं पात्र मोकळं दिसतं म्हणून गाडी घालू नका. खासगी जागा शोधा, मालकाला विचारा.

जेवायला भात, पप्पू म्हणजे घट्ट वरण, आणि चिंचेतलं माशाचं आंबट कालवण होतं. ऊन उतरल्यावर निघू असं ठरलं होतं. पण भावाला दम कुठला. तो बूट घालून पायरीवर बसूनच होता. भर उन्हात आम्ही शेतावर गेलो. तीच चूक झाली.

आधी सलीमभाई गेला. अर्ध्या चढावर घाबरून त्याने रेस सोडली आणि मागची चाकं बुडेपर्यंत गाडी रुतली. फावडं, फळ्या सगळं कामी आलं. मग भाऊ बसला. सपाटीवर त्याने आठाच्या आकड्यात फेऱ्या घेतल्या, इतक्या सफाईने की सलीमभाई मोबाइल काढून शूट करायला लागला. मग तो सगळ्यात छोट्या टेकडीकडे वळला. निम्मी चढला असेल. घामाने कृत्रिम पायाच्या वाटीतून खरा पाय निसटायला लागला होता, ते त्याला कळलं होतं पण तो थांबला नव्हता. कृत्रिम पाय आत वळून फुटरेस्टवरून घसरला. कळ आली तसा हाताचा अंगठा हँडलवरच्या रेसवरून सुटला. गाडी थांबली, मागे आली, त्याने ब्रेक दाबला आणि ती हळूहळू आडवी होत गेली. भाऊ वरच्या बाजूला पडला. गाडी खालच्या बाजूला.

मी धावले ते मला आठवत नाही. पोचले तेव्हा तो रेतीत बसून हेल्मेट काढत होता. लागलं नव्हतं. पाय काढला तर आतली कातडी लालबुंद झालेली. आम्ही गाडी सरळ केली, तेल वगैरे पाहिलं, थोड्या वेळाने ती सुरू झाली. आणि भाऊ म्हणाला, आता पायाशिवाय जातो.

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, उजवा पाय आहे, हात आहेत. मी पुन्हा नाही म्हटलं. काढलेला पाय मी दोन्ही हातांनी धरून उभी होते. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "मंग मले इथी काऊन आणलं? पाहायले?"

सलीमभाईने गाडीची चावी काढून खिशात टाकली. मोठ्या भावाला मी आयुष्यात असं अडवलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते घामाचं आहे असं आम्ही तिघांनीही मानून घेतलं. मी त्याच्याशेजारी बसले. म्हटलं, उद्या पहाटे कातडी पाहू. लाल असेल तर गाडी लादून घरी. लाल नसेल तर मी एक शब्द बोलणार नाही. बराच वेळ तो रेती मुठीत घेऊन सोडत राहिला. मग म्हणाला, "आज तू चालव."

मी फक्त स्कूटी चालवते, तीही शाळेपुरती. पण त्या वेळी नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. ऊन कलल्यावर हेल्मेट चढवलं. त्याने मला बसल्या जागेवरून शिकवलं. चढ सरळ घ्यायचा, तिरपा कधीच नाही. अर्ध्यात रेस सोडायची नाही. चाकाकडे नाही, वर माथ्याकडे पाहायचं. माथा आला की हळू, कारण पलीकडे काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. इंजिनच्या आवाजात ऐकू येणार नाही म्हणून हाताच्या खुणा ठरल्या. पहिल्यांदा मी पायथ्यालाच थांबले. त्याने हात पुढे झटकला. दुसऱ्यांदा गेले. मागची चाकं फिरतात, गाडी शेपूट हलवते, आता पडणार असं वाटतं, आणि पडत नाही. माथ्यावर हळू झाले तर समोर सगळी नदी, पाण्याच्या निळ्या रेघा आणि पलीकडे तेलंगणा.

खाली आल्यावर भावाने परीक्षकासारखे प्रश्न विचारले. हँडल किती ओढत होतं? मागे रेललीस का? रेती कुठे मऊ लागली? उत्तरं देताना माझ्या लक्षात आलं, तो स्वतः चढायची तयारी करत होता.

संध्याकाळी समक्काने त्याच्या पायाकडे सरळ पाहिलं. इतके दिवस लोक एकतर टक लावायचे नाहीतर नजर चुकवायचे. तिने गार पाण्याची बादली आणून ठेवली, जुन्या सुती साडीचा धुतलेला तुकडा दिला आणि उघडा ठेव, वारा लागू दे म्हणाली. मग वाळत घातलेल्या मिरच्या आत नेत आपल्या कामाला लागली. भाऊ पाय उघडा टाकून अंगणात बसला. घरी तो वहिनीसमोरही असा बसत नाही.

पहाटे मी बॅटरी घेऊन कातडी पाहिली. लाली गेली होती, कुठे फोड नव्हता. कोरडा मोजा, त्यावर कृत्रिम पाय. एक मोजा माझ्या पिशवीत जास्तीचा. रेती दवाने दबलेली होती, आदल्या दिवसापेक्षा घट्ट. तुम्ही जाल तेव्हा सकाळच धरा, दुपार नको.

भावाने सपाटीवर एकच फेरी घेतली आणि सरळ टेकडीकडे गेला. पुढे झुकला. रेस सुटली नाही. माथ्याच्या अलीकडे तो जाणूनबुजून हळू झाला, आणि पलीकडे उतरला. मला फक्त नारिंगी झेंडा दिसत होता. मग तोही दिसेना. इंजिनचा आवाज खाली गेला. सलीमभाई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक दुआ. मग आवाज वाढला, झेंडा वर आला, पाठोपाठ हेल्मेट, आणि भाऊ मागे रेलून, सावकाश, आमच्यासमोर उतरला.

इंजिन बंद करून तो तसाच बसून राहिला. आम्ही जवळ गेलो. चष्मा वर करून म्हणाला, "चढताना पाय आठवला नाई मले."

आणखी दोनदा गेला. मग ऊन चढायच्या आत स्वतःच म्हणाला, बस. हे बस म्हणणं मला चढण्याइतकंच मोठं वाटलं. समक्काने वाटेसाठी भात बांधून दिला आणि वाळलेल्या मिरच्यांची पुडी माझ्या हातात कोंबली.

आता घरी येऊन काही आठवडे झाले. मोटारसायकलवर भाऊ अजून बसलेला नाही. ट्रकचा हॉर्न वाजला की अजून दचकतो. रेतीने ते धुऊन नेलं असं मी सांगणार नाही. आईने व्हिडिओ पाहिला आणि मोबाइल उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशी शेजारणीला बोलावून पुन्हा लावला.

मागच्या आठवड्यात त्याला नागपूरला पायाच्या मापासाठी नेलं. नवीन पाय करताना तिथला तंत्रज्ञ सगळ्यांना एक प्रश्न विचारतो, पाय कशासाठी पाहिजे? पहिल्या वेळी भावाने सांगितलं होतं, घरातल्या घरात चालण्यापुरता. या वेळी तो काय म्हणेल याचा मला अंदाज नव्हता. तो खुर्चीत सरळ झाला.

"रेतीत एटीव्ही चालवतो मी," तो म्हणाला. "घामानं निसटते. उभं राहून रेलता आलं पाहिजे."

तंत्रज्ञाने पेन खाली ठेवलं, त्याला उंच स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "दाखवा, कसे बसता." भावाने दोन्ही हात पुढे करून हवेतलं हँडल धरलं आणि पुढे झुकला.