फुग्यावर डकवलेला कागद

आमच्या चौलच्या वाचनालयातली माणसं फार शहाणी होती, असं लोक अजून म्हणतात. म्हणोत. मी त्यांना जवळून पाहिलंय. चार बुकं वाचलेली, त्यातली दोन अर्धी. मिठाच्या सत्याग्रहानंतर त्यांनी हातानं लिहिलेलं मासिक काढलं. एकच प्रत, तीही टेबलाला दोरीनं बांधलेली. जसं काही कोणी पळवणारच होतं.

मी रेवदंड्याच्या बंदरात माल नेणाऱ्या शिडाच्या पडावांवर नावं रंगवायचो. शाळा तिसरीपर्यंत. मासिकाचे संपादक म्हणजे एक पेन्शनर मास्तर. त्यांनी मला शेवटच्या पानावर चित्रांची गोष्ट काढायला लावली. सहा चौकटी, आणि माणसं बोलतात ते तोंडाजवळच्या फुग्यात. दर महिन्याला गोष्ट तीच. नवरा बावळट, बायको कजाग, तिच्या हातात लाटणं. मुंबईच्या कुठल्या तरी अंकातून उचललेली अक्कल. फुगे सगळे नवऱ्याला. बायकोचं तोंड नुसतंच उघडं.

मास्तर मला शिकवायचे. आधी फुगा काढायचे, मग त्यात अक्षरं कोंबायचे. शेवटचा शब्द दारात चिमटलेल्या पालीसारखा. अरे, आधी शिरोरेघ ओढावी, तिला अक्षरं टांगावी, मग सावकाश भोवती फुगा काढावा. पडाव रंगवणाऱ्याला कळतं ते पेन्शनराला कळत नाही.

मी पेन्सिलीनं लिहायचो आणि माझी बायको बोरूनं गिरवायची. तिला वाचता येत नव्हतं, पण रांगोळीचा हात, कधी कापला नाही. शाई घरचीच, काजळ नि लाख उकळून केलेली. पाण्यानं जात नाही.

मास्तर म्हणायचे, "पेंटर, तुझं अक्षर म्हणजे मोती रे." मी मान हलवायचो. बायकोचं आहे म्हणालो असतो तर जीभ झडली असती काय? पण नाही म्हणालो.

एकदा गिरवता गिरवता तिनं विचारलं, "ही बाई कोन?"

"बायको."

"आनि हातात काय हाय तिच्या?"

"लाटणं."

"आपल्या घरात लाटणं कुठं हाय? तांदळाची भाकरी काय लाटून करतात? मास्तरीण हाणत असंल मास्तराला, तेच त्यानं तुमच्याकडून काढून घेतलं."

मी हसलो. ती हसली नाही. बोरू खाली ठेवला. "तिचं तोंड उघडं हाय ना? मग तिला फुगा काढा. नायतर तुमीच गिरवा."

काढला. तिनं सांगितलं ते लिहिलं, तिनं गिरवलं: 'हे लाटणं मास्तरांच्या घरचं. परत देऊन या. मी भाकरी थापते तंवर.'

अंक टेबलावर आला तशी ती डोक्यावर पदर घेऊन पहिल्यांदा वाचनालयात आली. वाचता येत नसलं तरी आपली अक्षरं ती ओळखायची. तिच्या फुग्यावर मास्तरांनी खळीनं कोरा कागद डकवला होता. मास्तर समोरच बसलेले. मी अंक मिटला.

वाटेत ती म्हणाली, "तुमी काय बोल्ला त्यांना?"

"काय बोलणार?"

"व्हय. तुमच्यावर पन कागूद डकवलाय."

तिनं पुन्हा बोरू धरला नाही. पुढच्या महिन्यात मास्तर म्हणाले, "पेंटर, हात बिघडला तुझा." त्यानंतर मी चित्रं सोडली. मासिकही वर्षभरात मेलं. कोणी रडलं नाही.

ती या चैत्रात गेली. तिचा फोटो नाही. तेराव्यानंतर मी वाचनालयात गेलो, कपाटातून तो अंक काढायला लावला. हल्लीचा लायब्रीवाला ओरडायला लागला, "आजोबा, पाणी लावू नका, जुनं आहे." म्हटलं, माझ्याहून जुनं नाही.

ओला फडका ठेवला. खळ सुटली, कागद अलगद निघून आला. खाली अक्षरं जशीच्या तशी. शाई पाण्यानं जात नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फडका घरात होता, वाचनालय हाकेवर होतं. ती असताना मी गेलो नाही.

लायब्रीवाल्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि हसला. मी त्याला आणखी एकदा वाचायला लावलं.