मारुतीला पाठ करून

कार्ड माझ्यापुढे ठेवलं की काका त्याच्या उजव्या अर्ध्यावर तळहात पालथा टाकायचे. "डावीकडचं वाच. उजवीकडचं आपलं नाही."

उजवीकडे आजार असे, डावीकडे रोग्याच्या घरी जायची वाट. कॅन्ससच्या माळावरच्या एका चिमुकल्या गावात काका तरुणपणी डॉक्टर म्हणून आले. घरांना नंबर नव्हते. ते घरोघर जाऊन तपासायचे आणि कार्डं मराठीत लिहायचे, म्हणजे कुणाच्या हाती लागली तरी गुपित फुटायला नको. पुढे रेल्वे बंद झाली, शाळा गेली, एकेक घर पाडून तिथे गहू पेरला गेला. उरलं फक्त धान्याचं उंच कोठार. आणि काकांकडे खोकंभर कार्डं. त्यांची नजर अधू झाली, तेव्हा ती वाचायला शेजारच्या शहरातल्या लायब्ररीत काम करणारी मी मिळाले.

गावाचा नकाशा कुठेच नव्हता. जुन्या रहिवाशांना आपापलं घर कुठे होतं तेवढं हवं होतं. पण प्रत्येक कार्डाची सुरुवात एकच: ‘मारुतीला पाठ करून’.

"काका, कॅन्ससमध्ये मारुती कुठला?"

"अगं, तो काय समोर!" त्यांनी काठी खिडकीबाहेर, माळावर दूर दिसणाऱ्या कोठाराकडे रोखली. "वेशीवर मारुती नाही असं गाव असतं का? मी नवखा, सारखा चुकायचो. हा मात्र कुठूनही दिसायचा."

"तो शुक्रवारी पाडतायत, काका. पायासकट."

त्या दिवशी बुधवार होता. काका काठी विसरून गाडीत जाऊन बसले. "चल, चल! आज मारुती आहे तोवर सगळं गाव आहे!"

गहू नुकताच कापला होता. मी पावलं टाकायची, काकांनी मोठ्याने मोजायची. "लांब टाक गं! मी काय असा तुरुतुरु चालायचो?" एकेका घराच्या जागी झेंड्या रोवत आम्ही धावत होतो म्हटलं तरी चालेल. गुरुवारी दुपारी सत्तरीच्या एक बाई आल्या. त्यांचं कार्ड वाचलं: दोनशे दहा पावलं, मग डावीकडे लायलॅकचं झुडूप. लायलॅक कुठला असायला! पण माझा बूट विटेवर आपटला. बाई गुडघ्यांवर बसून माती उकरू लागल्या. "डॉक, दॅट्स मॉम्स किचन!" काका टाळ्या पिटत होते. असा आनंदलेला म्हातारा तुम्ही पाहिला असेल, तर मी काय सांगतेय ते कळेल.

शेवटी एक झेंडी उरली.

"तुमच्या घराची?" मी विचारलं.

"डॉक्टर कुठे गावचा असतो?" त्यांनी ती खिशात घातली. काकू त्याच गावात वारल्या होत्या, एवढंच मला ठाऊक होतं.

शुक्रवारी मारुती पडला. काका गेले ते या थंडीत. त्यांचं खोकं माझ्याकडे आलं. तळाशी ती झेंडी होती आणि मी कधीच न पाहिलेलं एक कार्ड. वर काकूंचं नाव. डावीकडे: ‘मारुतीला पाठ करून चाळीस पावलं. पिवळं दार.’

स्वतःच्याच घराची वाट त्यांनी लिहून ठेवली होती.

मी झेंडी घेऊन निघाले. त्या बाईंच्या स्वयंपाकघरापासून दोनशे दहा पावलं मागे चालले आणि मारुती होता तिथे उभी राहिले. मग त्याच्याकडे पाठ केली आणि चाळीस मोजली, लांब लांब टाकत, मोठ्याने. झेंडी रोवली. वारा फार होता, कार्ड फडफडत होतं. मी त्याच्या उजव्या अर्ध्यावर तळहात पालथा दाबून धरला.