मी इथेच राहते

नेरूळला राहायला आल्यावर मी माझ्या पगारावर क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला. मी तिथेच राहते ना, एवढंच बँक घरच्या फोनवर विचारणार होती. पण बँकेने कळवलं, "खात्री पटत नाही. आता सोमवारी शेवटचा फोन करू."

तेव्हाची मी म्हणजे अकलेचा डोंगर. फोनच बिघडलाय असं समजून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जाऊन भांडले, वायर बदलून घेतली. दिवसभर घरी असणाऱ्या सासूबाईंना मात्र काही विचारलं नाही, कारण कार्डाचं त्यांच्यापासून लपवलं होतं.

शेवटी ऑफिसखालच्या पीसीओवरून मीच घरी फोन लावला आणि बँकेच्या बाईसारखा आवाज काढून, अर्जातलं नाव घेऊन मलाच बोलवायला सांगितलं.

"या नावाचं इथे कोणी राहत नाही," सासूबाई म्हणाल्या. "कितीदा सांगायचं हो तुम्हाला?"

त्यांचं बरोबरच होतं. नोकरी, पासबुक, अर्ज, सगळं माझ्या माहेरच्या नावावर, आणि ते नाव लग्नात त्यांनीच बदललेलं.

संध्याकाळी चहा पुढे करत मी सगळं सांगून टाकलं.

"आधी बोलायचंस की," त्या म्हणाल्या. "तुझं कार्ड काय मी पळवणार होते?"

सोमवारी त्या फोनशेजारी खुर्ची टाकूनच बसल्या. बँकेला म्हणाल्या, "हो, इथेच राहते. माझी सून आहे. नाव जुनं, बाई तीच."

कार्ड आलं. त्यावरच्या नावावरून बोट फिरवत सासूबाई म्हणाल्या, "नाव चांगलं होतं गं. उगाच बदललं."

हे वाक्य मी नातवंडांना अजून त्यांच्याच आवाजात ऐकवते.