करामाच्या फ्लॅटची किल्ली
झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनच्या गरम प्लॅस्टिकचा वास आला, की मला दुबईच्या करामा भागातलं, व्हिसाचे अर्ज अरबीत टाइप करून देणारं ते टायपिंग सेंटर दिसायला लागतं. बाबा दुबईत नोकरीला होते आणि आजोबांच्या आजारपणामुळे आई मला घेऊन नाशिकला राहत होती. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की रेसिडन्स व्हिसा रद्द व्हायचा, म्हणून तो जिवंत ठेवायला आम्ही दर सुट्टीत चार दिवस जाऊन यायचो. त्या खेपेला तो रिन्यू करायचा होता. बाहेर पांढरीफटक दुपार वितळत होती. आत एसीचा गारवा, वेलचीच्या चहाची वाफ आणि कागदावर उजवीकडून डावीकडे उमटत जाणारी अरबी अक्षरं. मी जागी होते की झोपेत, तेच कळत नव्हतं. टायपिस्टने आईच्या पासपोर्टची पानं चाळली आणि बाबांना म्हणाला, "मॅडम तो इंडिया में ही रहता है. कॅन्सल कर दो ना, खलास." बाबांनी आईकडे बघितलं. आईने पर्समधून नाशिकच्या किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली बाबांच्या करामातल्या फ्लॅटची चपटी किल्ली वर धरली आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "भैया, मेरे घर का चावी मेरे पास है. रिन्यू करो." आता बाबांना नाशिकला परतूनही बरीच वर्षं झाली. करामातली ती बिल्डिंगही पाडली म्हणतात. पण बाहेरून आल्यावर दार उघडताना आईच्या हाताला अजून आधी तीच किल्ली लागते.